फोर-एचचे प्रकल्प काउंटी फेअरला नेताना: तयारीचा धागा

अबोली
जून उजाडला की इथे अमेरिकेत मुलांच्या फोर-एच क्लबचे प्रकल्प काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेतल्या स्पर्धेला, नेणाऱ्या मराठी पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात. मफिन किती ठेवायचे, फोटोला फ्रेम चालते का, लोणचं नेता येईल का? उत्तरं निरनिराळ्या धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. ज्यांना ज्या विभागाची माहिती आहे त्यांनी त्याबद्दल नेमकं लिहा: मापं, संख्या, काय बिघडतं आणि का.

नव्यांसाठी थोडक्यात. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम यांनी मुलांचा क्लब काढला, तिथून फोर-एचची सुरुवात मानतात. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन (विद्यापीठातलं शेती-घरकामाचं ज्ञान लोकांपर्यंत नेणारी सेवा) उभं राहिलं आणि आजही हे क्लब राज्याच्या लँड-ग्रँट (सरकारी जमिनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या) विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसमार्फतच चालतात. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ. बहुतेक राज्यांत ८ ते १८ वयाची मुलं स्पर्धेत असतात. ५ ते ७ वयाची क्लोव्हरबड मुलं वस्तू मांडतात, पण त्यांना क्रमांक नसतो, सहभागाची रिबन मिळते. इंडियानात वयाऐवजी इयत्ता बघतात, तिसरी ते बारावी.

परीक्षण बऱ्याच ठिकाणी डॅनिश पद्धतीचं असतं. म्हणजे वस्तू शेजारच्या मुलाच्या वस्तूशी नाही, ठरलेल्या मापदंडाशी ताडतात. निळी, लाल, पांढरी अशा रिबनी असतात आणि दहाच्या दहा मुलांना निळी मिळू शकते. ग्रँड चॅम्पियन वगैरे निवड त्यानंतर, निळ्यांमधून होते. त्यामुळे 'समोरच्याचं किती भारी आहे' याची धास्ती मुलांना घालू नका. रिबन हुकते ती बहुधा कौशल्यामुळे नाही, मांडणीमुळे. सहा कुकीज सांगितल्या असताना पाच ठेवल्या, रेसिपी कार्ड राहिलं, लेबल चुकीच्या कोपऱ्यात लागलं, अशी कारणं असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या काउंटीचं यंदाचं फेअर बुक (स्पर्धेची नियमपुस्तिका) उतरवून घ्या आणि आपल्या वर्गाचं, म्हणजे स्पर्धेतल्या प्रकाराचं, पान छापून फ्रिजवर लावा. गेल्या वर्षीचं नको, शेजारच्या काउंटीचंही नको. प्लेटमध्ये तीन, चार की सहा हे काउंटीगणिक बदलतं. या धाग्यातलं माप आणि तुमचं फेअर बुक यांत फरक दिसला तर फेअर बुक खरं.

पुदिना
बेकिंगचं मी लिहिते. इथे सगळ्यात जास्त नोंदी असतात आणि चुकाही त्याच त्याच होतात.

मफिन. परीक्षक मफिन उभा कापतात आणि आधी आत बघतात. आत वरच्या दिशेने गेलेली लांबट भोकं दिसली तर पीठ जास्त ढवळलं असं समजतात, कारण ढवळण्याने ग्लुटेन तयार होतं आणि वाफ त्यातून बोगदा पाडत वर जाते. अशा मफिनचं डोकंही टोकदार होतं. कोरडं आणि ओलं एकत्र केल्यावर चमच्याचे १५-२० फेरे पुरेत. गुठळ्या दिसल्या तरी हात थांबवायचा, मुलांना हेच जड जातं. साचा दोन तृतीयांश भरा. भट्टीतून काढल्यावर पाच मिनिटांनी मफिन साच्यातून जाळीवर काढा, नाहीतर वाफेने बूड ओलं होतं. कागदी वाट्या बहुतेक फेअर बुकात नको म्हणून लिहिलेलं असतं, कारण परीक्षकाला कडेचा रंग बघायचा असतो. तेलाचा फवारा कडेवर चिकट पिवळा थर धरतो, त्यापेक्षा साच्याला ब्रशने लोणी पुसावं आणि फक्त बुडाला.

कुकीज. सगळ्या एका मापाच्या हव्यात, त्यासाठी आइस्क्रीमसारखा छोटा स्कूप वापरा. नुसत्या चमच्याने एकसारखं माप येत नाही. पीठ अर्धा तास थंड करा. दुसरी खेप गरम ट्रेवर टाकली की लोणी भट्टीत जाण्याआधीच वितळतं आणि कुकी पसरते, म्हणून दोन ट्रे आलटून पालटून वापरा. गडद ट्रेने बूड करपतं. तोच ट्रे असेल तर तापमान २५ अंश फॅरेनहाइटने कमी करा. भट्टीत वेगळा थर्मामीटर ठेवा, भट्टीवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

प्लेटला सहा लागत असतील तर किमान अठरा भाजा. सगळ्या पालथ्या करून बुडाचा रंग जुळणाऱ्या सहा निवडा. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालू नका. आत दव धरतं, वरचा भाग चिकट होतो, आणि जुलैच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. क्रीम चीज, कस्टर्ड, ताजी फळं असलेलं, म्हणजे फ्रिज लागणारं काहीही साधारणपणे बाद होतं.

चाफेकळी
नानकटाई कुकीजमध्ये चालते का? आणि आमच्याकडे अंडं चालत नाही, तर मफिनमध्ये अंड्याऐवजी दही घातलं तर?

पुदिना
चाफेकळी, वर्गाचं वर्णन बघा. 'कोणतीही ड्रॉप कुकी' (चमच्याने ट्रेवर टाकलेली) किंवा 'हाताने वळलेली कुकी' असं मोकळं असेल तर नानकटाई खुशाल ठेवा. तुपाला हरकत नसते. मात्र नानकटाईच्या वरच्या चिरा आपल्याला हव्या असतात आणि परीक्षकाला त्या चूक वाटू शकतात. रेसिपी कार्डावर मुलाच्या अक्षरात लिहू द्या: 'या बिस्किटाला वरून चिरा पडणं अपेक्षित आहे, आतून ते भुसभुशीत असतं.' वेलदोडा ताजा कुटलेला आहे हेही लिहा. चकली, शंकरपाळी तळलेली असतात, त्यांना बेकिंगच्या वर्गात जागा नाही.

अंड्याचं मात्र जपून. काही वर्गांना रेसिपी फेअर बुकातूनच ठरवून दिलेली असते. तिथे बदल केला की वस्तू कितीही चांगली झाली तरी रिबन घसरते. मुलाने मोकळा वर्ग निवडावा आणि मुळातच बिनअंड्याची रेसिपी घ्यावी. अंड्याची रेसिपी घेऊन अंडं वगळलं तर पोत बिघडतो, आणि 'का बिघडला' याला मुलाकडे उत्तर नसतं.

बरणीवाली
आता लोणच्याचं. आपल्या पद्धतीचं तेलातलं लोणचं फूड प्रिझर्व्हेशन विभागात नेऊ नका, ते बाद होईल. यात आपल्या लोणच्याचा अपमान नाही. हवाबंद बरणीत तेलाखाली हवा पोचत नाही, आणि आम्लता पुरेशी नसेल तर बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू तिथेच वाढतात. आपल्या लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि ऊन मिळून काम करतात, पण प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. या विभागात फक्त तपासलेल्या रेसिपी चालतात: यूएसडीएचं (अमेरिकी कृषी खात्याचं) घरगुती कॅनिंगचं (पदार्थ तापवून बरणीबंद करण्याचं) मार्गदर्शक, जॉर्जिया विद्यापीठातलं नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशन, किंवा आपल्या राज्याचं एक्स्टेन्शन. या केंद्राच्या यादीत कैरीची चटणी आहे, व्हिनेगर आणि साखर घालून केलेली. आपल्या मुलांनी ती जरूर करावी. चव ओळखीची असते आणि परीक्षकासमोर बोलायला मुलाकडे भरपूर असतं. कैरी चिरताना हातमोजे घाला, चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

बरणीत वर किती जागा सोडायची हे परीक्षक पट्टीने मोजतात:
जॅम, जेली: पाव इंच.
फळं, टोमॅटो: अर्धा इंच.
प्रेशर कॅनिंगच्या भाज्या: साधारण एक इंच.

टोमॅटो दिसायला आंबट, पण आम्लता काठावरची. म्हणून पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरणीला बाटलीतल्या लिंबूरसाचा १ टेबलस्पून, क्वार्टला (साधारण लिटरच्या) २. ताजं लिंबू पिळू नका, त्याची आम्लता लिंबागणिक बदलते. सायट्रिक अ‍ॅसिड वापरत असाल तर पाइंटला पाव टीस्पून, क्वार्टला अर्धा.

भाज्यांना प्रेशर कॅनरच हवा. आपला भाताचा कुकर म्हणजे कॅनर नव्हे. ज्यात क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या मावतात त्यालाच यूएसडीए कॅनर मानतं. लहान भांडं लवकर तापतं आणि लवकर निवतं, त्यामुळे ठरलेल्या वेळेत मिळायची ती उष्णता बरणीला मिळत नाही. वजनाच्या शिट्टीचा कॅनर असेल तर समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत १० पौंड दाब, त्यावर १५. घड्याळाच्या काट्याचा असेल तर २००० फुटांपर्यंत ११ पौंड, आणि तो काटा दरवर्षी तपासून घ्यायचा.

उंचीचा मुद्दा डोंगराळ भागातल्या डेन्व्हरवाल्यांपुरता नाही. इंडियानाच्या पूर्वेला आणि ओहायोतही १००० फुटांवरची गावं आहेत. जॅमच्या बरणीला १००० फुटांखाली उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, त्यावर ६००० फुटांपर्यंत १० मिनिटं. वेळ १० मिनिटांहून कमी असेल तर बरण्या आधी निर्जंतुक केलेल्या हव्यात. लेबलवर पदार्थ, पद्धत, मिनिटं, पौंड, उंची, तारीख एवढं सगळं लागतं. उंची लिहिली नाही म्हणून उत्तम बरण्या लालवर येतात.

खुरपं
बरणीवाली, पाणी कमी झालेल्या बरणीचं लिहा ना. दरवर्षी हाच गोंधळ असतो.

बरणीवाली
बरोबर. कॅनरमधून काढल्यावर बरणीतलं पाणी एक इंच खाली गेलेलं दिसतं. दोन कारणं: भरताना आत अडकलेले बुडबुडे सोडवले नव्हते, किंवा दाब एकदम उतरवला. आच बंद केल्यावर कॅनरला आपोआप शून्यावर येऊ द्या, पाण्याखाली धरू नका. मग वजन काढा, दहा मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. उकळत्या पाण्याचं पातेलं असेल तर त्याचं झाकण काढून पाच मिनिटं थांबा. पाणी कमी झालेली बरणी उघडून भरायची नाही. सील पक्कं असेल तर खायला ती चांगलीच आहे, फक्त फेअरला दुसरी न्या.

बाहेरून पांढुरका थर आला तर तो जड पाण्याचा. कॅनरच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं की येत नाही. सील झाल्यावर झाकणावरची आट्यांची रिंग काढून बरणी धुवा, आटे पुसा. फेअरला नेताना स्वच्छ, न गंजलेली रिंग परत लावा.

खुरपं
भाजीपाला. मोठं म्हणजे चांगलं हा समज आधी काढून टाका. हातभर लांबीची झुकिनी प्लेटवर हरते, कारण आत बिया जून झालेल्या असतात. सहा ते आठ इंचाची हवी. परीक्षक बघतात एकसारखेपणा: पाच टोमॅटो म्हणजे रंगाने, आकाराने, पिकण्याने पाच भावंडं. त्यासाठी लागतात त्याच्या तिप्पट तोडा आणि टेबलावर ओळीने मांडून निवडा. एक मोठा आणि चार मध्यम यापेक्षा पाच मध्यम केव्हाही चांगले.

टोमॅटोचे देठ काढा, नाहीतर शेजारच्याला टोचतात. मिरच्या, वांगी, भेंडी यांना देठ ठेवा. वांग्याची टोपी हिरवी आणि ताठ दिसली पाहिजे, तिच्यावरूनच ते कधी तोडलं ते कळतं. भेंडी तीन-चार इंचाची, टोक मोडून बघितल्यावर कट्कन तुटणारी. ती आदल्या संध्याकाळी नको, त्याच सकाळी तोडा, लव घासली की काळे डाग उठतात. कारली, दोडका, गवार यांना वेगळा वर्ग नसतो, ती 'इतर भाज्या'मध्ये जातात. प्लेटच्या चिठ्ठीवर जातीचं नाव लिहा. नुसतं 'बीन्स' लिहू नका.

बटाटे आठ-दहा दिवस आधी काढा, तोवर साल धरते. कोवळ्या बटाट्याची साल बोटाने सोलली जाते आणि प्लेटवर लक्तरं दिसतात. ते धुवायचे नाहीत, माती वाळली की मऊ ब्रशने झटकायची. अंधारात ठेवा, उजेडाने हिरवे होतात.

कांद्याची वरची पापुद्रं सोलून चकचकीत करायचा मोह मुलांना फार. एखादं सुटं, फाटकं पापुद्रं काढा, तेवढंच. सगळी सोलली तर खालचा हिरवट भाग उघडा पडतो आणि गुण जातात. मान वाळलेली हवी. अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली तर तो कांदा मांडवात पाच दिवस टिकणार नाही.

सुईदोरा
शिवणकाम थोडक्यात. कापड आधी धुऊन घ्या, नंतर आटलं तर सगळी मापं जातात. विकतच्या पॅटर्नमध्ये शिलाईची माया पाच सूत (५/८ इंच) धरलेली असते, आपल्या शिंप्यांच्या सवयीने जास्त सोडलीत तर अंगरखा घट्ट होतो. प्रत्येक शिलाई आधी इस्त्रीने दाबा, मगच तिच्यावरून दुसरी टीप घाला. परीक्षक कपडा उलटा करून बघतात: कडा झिगझॅग किंवा ओव्हरलॉक केल्यात का, लोंबते दोरे आहेत का, खडूच्या खुणा राहिल्यात का. खालची दुमड सगळीकडे एकाच रुंदीची हवी. काजं आधी उरलेल्या तुकड्यावर, तेवढेच थर घेऊन करून बघा.

हँगरचा आकडा समोरून प्रश्नचिन्हासारखा दिसेल असा कपडा टांगा. बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो, कारण सगळे कपडे एका दांडीवर एकाच दिशेने लागतात. लेबल सेफ्टी पिनने, टाचणीने नको.

रंधा
लाकूडकाम. रंगाचा शेवटचा हात देऊन दुसऱ्या दिवशी फेअरला न्यायचं, हे चालत नाही. जुलैच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा (पारदर्शक लेपाचा) प्रत्येक थर डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त वेळ घेतो. तीन आठवडे आधी सुतारकाम संपलेलं हवं.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० असा चढत्या क्रमाने, तंतूंच्या दिशेने. मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे तसेच राहतात आणि स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावल्यावर उठून दिसतात. सांध्यातून बाहेर आलेला गोंद हा दुसरा शत्रू. वाळला की दिसत नाही, पण तिथे स्टेन मुरत नाही आणि पिवळट डाग राहतो. स्टेनच्या आधी मिनरल स्पिरिटने फडकं भिजवून सगळीकडे पुसा, गोंदाचे डाग तेवढ्यापुरते फिके दिसतात. खुणा करून तिथेच घासा. तेलाच्या फिनिशची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर सपाट पसरून वाळवा. सोबत मापांसह आराखडा जोडायला विसरू नका. आराखड्यात बदल केला असेल तर तोही लिहा.

फेज
इलेक्ट्रिकमध्ये मुलं टेबल लॅम्प करतात. परीक्षक होल्डर उघडून बघतात, म्हणून आतलं सांगतो. लॅम्पच्या जोडवायरीतली ज्या बाजूला बारीक धारी हाताला लागतात ती न्यूट्रल, ती चंदेरी स्क्रूला. गुळगुळीत ती फेज, ती पितळी स्क्रूला. पिनचं रुंद पातं न्यूट्रलचं. उलट जोडलं तरी दिवा लागतो, पण बल्बच्या आट्यांचं धातूचं कवच जिवंत होतं आणि बल्ब बदलताना झटका बसतो. 'उलट जोडलं तर काय होईल?' हा प्रश्न हमखास असतो.

वायर पाऊण इंच सोला, तारा घड्याळाच्या दिशेने पिळा, आणि स्क्रूभोवतीही त्याच दिशेने गुंडाळा. म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलटी गुंडाळली तर बाहेर पडते. होल्डरच्या टोपीत अंडररायटर्स नॉट हवीच: दोन्ही तारा सुट्या करून प्रत्येकीचा फास दुसरीच्या शेपटाभोवती. कुणी वायर ओढली तर ताण गाठीवर येतो, स्क्रूवर नाही. एकही मोकळी तार बाहेर दिसायला नको.

चाफेकळी
फोटोग्राफी कुणी लिहील का? फोनवरचे फोटो चालतात?

अबोली
चालतात, पण मूळ फाइल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, ८ बाय १० वर छापला की चेहरे मेणासारखे दिसतात. ८ बाय १० इंचाला, दर इंची ३०० पिक्सेलच्या हिशेबाने, २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. फोटो केबलने काढा किंवा ईमेलने मूळ आकारात पाठवा. काच आणि फ्रेम बहुधा मना असते. फोटो पाठीला बोर्ड लावून, पाण्याचा गोंद टाळून चिकटवा. त्या गोंदाने कागदाला लाटा येतात.

पोस्टर करणाऱ्यांसाठी: इंडियानात २२ बाय २८ इंच, आडवं, पाठीला कडक बोर्ड, वर पारदर्शक प्लास्टिक. उभं केलेलं पोस्टर अक्षरशः लावायला जागा नसते.

प्राण्यांचं इथे लांबवत नाही, त्याच्या तारखा कित्येक महिने आधी संपतात. मेंढी-बकरीला स्क्रेपी टॅग (स्क्रेपी रोगाच्या नियंत्रणासाठीचा ओळखबिल्ला), सशाच्या डाव्या कानात गोंदण (उजवा नोंदणीसाठी राखलेला असतो), आणि बऱ्याच राज्यांत दरवर्षी वायक्यूसीएचं, म्हणजे जनावरांच्या योग्य निगेचं, प्रशिक्षण. ज्यांना हे करायचंय त्यांनी पुढच्या वर्षासाठी आत्ताच एक्स्टेन्शन ऑफिसला फोन करावा.

दवबिंदू
मुलाखतीच्या परीक्षणात आईवडिलांनी जवळ बसायचं का? ओहायोत आमच्याकडे प्रोजेक्ट बुकही तपासतात.

पुदिना
दवबिंदू, दूर बसा. मूल अडखळलं की आपण उत्तर देतो आणि परीक्षकाला वाटतं काम आपणच केलं. प्रश्न ठरावीक असतात: काय शिकलास, काय बिघडलं, पुन्हा केलंस तर काय बदलशील, खर्च किती आला. 'काहीच बिघडलं नाही' हे सगळ्यात कमकुवत उत्तर. पहिली खेप पसरली, मग पीठ थंड केलं, मग जमलं, हे सांगणारं मूल परीक्षकाला आवडतं. प्रोजेक्ट बुक मुलाच्याच शब्दांत आणि अक्षरात असू द्या, स्पेलिंग चुकलं तरी. आदल्या रात्री एका बैठकीत भरलेलं पुस्तक एकाच पेनाच्या एकाच शाईवरून कळतं, म्हणून प्रत्येक खेपेनंतर दोन ओळी तारखेसह.

दवबिंदू
निळी मिळून स्टेट फेअरसाठी निवड झाली तर तेच नेतात का?

बरणीवाली
बेकिंग नव्याने करावं लागतं, त्याच रेसिपीने. लाकूडकाम, शिवण, फोटो तेच जातात, परीक्षकाने कार्डावर जे लिहिलंय ते मधल्या दिवसांत दुरुस्त करून. फेअर संपायच्या आत काही घरी आणू नका, सुटण्याची वेळ फेअर बुकात असते आणि आधी उचललं तर बक्षिसाचे पैसे जाऊ शकतात. बरण्यांचं म्हणाल तर काही ठिकाणी परीक्षक त्या उघडतात, आणि उघडलेली बरणी पुढे जात नाही. म्हणून एकाच खेपेच्या दोन जास्तीच्या बरण्या, त्याच तारखेच्या, रिंग काढून, गार आणि अंधाऱ्या फडताळात ठेवून द्या.